मुत्सुकोचं शेवाळ

माझी बायको हातातून चालली आहे, हे मला तिच्या गुडघ्यांवरून कळलं.

गुरुवारी संध्याकाळी ती वरच्या जंगलातून परत यायची तेव्हा विजारीचे दोन्ही गुडघे ओले, हिरवट आणि वर मातीचा थर. साठीला टेकलेली बाई. आमच्या सफरचंदाच्या बागेत खालच्या फांद्या बघायची वेळ आली की "अहो, माझे गुडघे धरलेत, तुम्हीच बघा" म्हणून मोकळी होणारी. तीच बाई परक्या माणसाच्या मागे दिवसभर जंगलात रांगून यायची, आणि वर गाणं गुणगुणत भात लावायची!

"आज नाही का धरले गुडघे?" मी विचारायचो.

"तिथली जमीन मऊ आहे हो," मुत्सुको म्हणायची.

घ्या! म्हणजे आमची जमीन टणक. बापजाद्यांनी घाम गाळून कसलेली, इवाकी डोंगराच्या पायथ्याची, सगळ्या आओमोरी प्रांतात नावाजलेली जमीन हिच्या गुडघ्यांना टोचते.

हा परका माणूस म्हणजे इसोयामा. दूरच्या सेंदाई शहरातून आला आणि बंद पडलेल्या शाळेमागचं रिकामं घर घेऊन राहिला. बायको वारलेली. काटकुळा, पांढऱ्या मिशीचा, लांब लांब बोटांचा. बोलतो इतकं हळू की ऐकायला झुकावं लागतं, आणि बायका झुकतात. दर गुरुवारी तो लोकांना वरच्या बुना नावाच्या झाडांच्या जंगलात नेतो आणि शेवाळ दाखवतो. होय, शेवाळ. तळ्यातलं बुळबुळीत नव्हे, दगडांवर, बुंध्यांवर मखमलीसारखं चढतं ते. आता मला सांगा, आमच्याकडे शेवाळाला काय तोटा? छपरावर शेवाळ, पायरीवर शेवाळ, विहिरीच्या कठड्यावर शेवाळ. बर्फ वितळल्यावर माणूस एका जागी जास्त वेळ उभा राहिला तर त्याच्या टाचेवर चढेल. ते बघायला जंगलात जायचं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा.

पण मुत्सुको गेली. एकदा गेली, दुसऱ्यांदा गेली, आणि मग आमच्या जेवणात मिठापेक्षा इसोयामा-सान जास्त पडायला लागला.

"आज छत्रीवालं दिसलं. एवढ्या एवढ्या छत्र्या, ओळीनं उघडलेल्या. इसोयामा-सान म्हणतात, ऊन पडलं की त्या मिटतात."

"छत्री उन्हात मिटायची आणि पावसात उघडायची, हे सांगायला सेंदाईचा माणूस लागतो?"

"शेवाळाची छत्री हो."

"कुणाची का असेना. लोणचं दे."

मी काही आंधळा नव्हतो. तिच्या गालांवर रंग आला होता. कुठल्याशा जुन्या पेटीतून तिनं निळा रुमाल काढला होता, जो तिनं माझ्यासाठी कधी गळ्यात बांधला नव्हता. आणि गळ्यात दोरीला लावलेलं ते छोटं भिंग! रात्री निजतानासुद्धा उशाशी. मी तिला म्हटलं, "इतकी वर्षं माझ्यासोबत काढलीस, कधी माझ्याकडे भिंग लावून बघितलंस का?" तर ती इतकी हसली की चहा सांडला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

आमचं लग्न चांगलं झालं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. मूलबाळ नाही, तेवढं एक सोडा. त्यावरून माझ्या आईची जीभ तिच्यावर फार चालायची. घराच्या मागे उत्तरेच्या बाजूला शेवाळाचा एक मोठा तुकडा आहे, दाट, आमच्याकडच्या सुगी देवदारांचं इवलंसं जंगल असावं तसा. सासू-सुना दोघी वाकून त्यातलं गवत चिमट्यानं काढायच्या, आणि आई म्हणायची, "हेही तुझ्यासारखंच गं. नुसतं हिरवंगार." मी मात्र मुत्सुकोला एका शब्दानं कधी दुखावलं नाही. तिच्यात काही कमी आहे म्हणून तिला टाकायचा विचारही मनात आणला नाही. दुसरा कुणी असता तर? गावात विचारा, लोक अजून नाव काढतात. आणि त्याची परतफेड ही अशी!

ठिणगी टाकली ती शिनपेइनं. शिनपेइ म्हणजे आमचा शेजारी, त्याची बाग माझ्या बागेला लागून. बातमी पोटात ठेवली तर त्याला अपचन होतं. वसंतातली रानभाजी खुडायला तो जंगलात गेला होता. दुसऱ्या दिवशी सहकारी संस्थेच्या आवारात औषधाचे डबे गाडीत चढवताना म्हणाला, "हिसाओ, तुला सांगू की नको असं झालंय."

"मग नको सांगूस."

"तुझी बायको जमिनीवर आडवी पडली होती."

"पडली? लागलं काय तिला?"

"पडली नव्हती रे, पडून होती. पालथी. आणि शेजारी तो मिशीवाला, तोही पालथा. डोक्याला डोकं लावून. मी मोठ्यानं खाकरलो तरी हलले नाहीत."

"शेवाळ बघत असतील."

"असतील ना. मी कुठं नाही म्हणतोय? फक्त दोघांत भिंग एकच होतं, एवढंच माझ्या डोळ्यांना दिसलं."

तळपायाची आग मस्तकात गेली. शिनपेइच्या हातातला डबा मी इतक्या जोरात घेतला की तो मागं सरकला. "बाबा रे, मला मारू नकोस," तो म्हणाला, "मी उभा होतो."

त्यावर कळस म्हणजे आमचा फुलोऱ्याचा आठवडा आला. सफरचंदाची फुलं थांबत नाहीत. त्या दिवसांत घरातलं मांजरसुद्धा कामाला लागतं. काठीच्या टोकाला बांधलेला पिसांचा गोंडा परागात बुडवायचा आणि फुलाफुलाला हलकेच लावत जायचं, मान मोडेपर्यंत. माझा हात यात हलका आहे, सगळे मानतात. आणि त्या आठवड्यातल्या गुरुवारी मुत्सुको म्हणाली, "दुपारपर्यंत येते परत."

"फुलं सोडून शेवाळाला चाललीस?"

"आत्ताच असतं हो ते. नंतर दिसत नाही."

"फुलं काय बारा महिने असतात?"

"फुलं तुम्ही आहात ना बघायला," असं म्हणून ती गेली. मी शिडीवर उभा राहून तिचा निळा रुमाल वळणाआड जाईपर्यंत बघत होतो. त्या झाडाच्या अर्ध्या फांद्या माझ्याकडून राहून गेल्या.

पुढच्या गुरुवारी मी म्हणालो, "मीपण येतो."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या बुटांकडे. "तुम्हाला कंटाळा येईल."

"का? मी गेलो तर कुणाची अडचण होणार आहे का?"

"तुम्ही भरभर चालता. तिथं चालायचं नसतं."

तिचं खरं निघालं. जंगलात शिरलो आणि थांबलो. चार पावलं, पुन्हा थांबलो. सावलीत अजून बर्फाचे मळके ढीग होते, पाण्याचा आवाज येत होता, आणि पाच-सहा म्हाताऱ्या बाया एका कुजक्या ओंडक्याभोवती अशा बसल्या होत्या की वाटावं, त्याचं बारसं आहे. इसोयामा हातातल्या बाटलीनं पाण्याचा फवारा मारायचा. सुकून मुडपलेलं शेवाळ हळूहळू उलगडायचं आणि बाया "अगंबाई!" म्हणायच्या. त्यानं मलाही एक भिंग दिलं. अगदी वाकून, नम्रपणे. मला त्याच्यात एखादी खोड हवी होती, ती मिळेना, त्यामुळे जास्तच राग आला.

"डोळ्याच्या अगदी जवळ धरा, आणि आपणच पुढे व्हा, हिसाओ-सान," तो म्हणाला.

मी पुढे झालो. नाक ओल्या ओंडक्याला लागलं. भिंगावर वाफ धरली. हिरवा धुरळा सोडून काही दिसलं नाही.

"दिसलं?" मुत्सुकोनं विचारलं.

"दिसलं तर! सगळं दिसलं." सगळं म्हणजे काय ते मी तिच्याकडे बघून म्हणालो. पण तिचं लक्ष नव्हतं. तो एका ओहोळावरून पलीकडे गेला होता आणि तिला हात देत होता. माझी बायको, जी माझ्या शिडीवर फळांच्या टोपल्या घेऊन चढते-उतरते, तिला वीतभर पाणी ओलांडायला हात लागत होता.

पलीकडे आमच्या घरामागे आहे तसंच शेवाळ होतं, इवल्या सुगींचं. इसोयामा खाली बसला. "हे बघा. टोकाला नारिंगी फुलासारखी वाटी आहे ना? हे सगळे नर. आणि हा पलीकडचा पट्टा माद्यांचा. त्यांना फळ धरलंय."

माद्यांच्या पट्ट्यातून तांबूस, केसाएवढ्या बारीक काड्या वर आल्या होत्या आणि प्रत्येक काडीच्या डोक्यावर सोनेरी लवेचं एक टोपडं होतं. खरंच टोपडं. तान्ह्या बाळाला घालतात तसं, कानावरून खाली ओढलेलं. हे मला भिंगाशिवाय दिसलं.

"आता तुमच्या घरामागचं घ्या, मुत्सुको-सान," इसोयामा म्हणाला, "ते सगळं माद्यांचंच. किती वर्षांचं आहे, किती निरोगी! पण टोपडं एक नाही. त्यांचा काही दोष नाही त्यात. जवळ नरच नाही, तर बिचाऱ्या काय करणार? त्यातल्या त्यात जवळचे नर म्हणजे देवळाच्या पायऱ्यांशी."

एक बाई म्हणाली, "म्हणजे आमच्यासारखंच. आमच्याकडे तर नर घरात असून नसल्यासारखा." सगळ्या खिदळल्या. मुत्सुको तेवढी हसली नाही. ती बाजूला तोंड करून उभी होती.

पुढे तो पाण्याचं, थेंबाचं, शिंतोड्याचं बरंच काही सांगत होता. माझ्या कानात काही शिरलं नाही. माझ्या कानात एकच वाक्य घुमत होतं. तुमच्या घरामागचं. म्हणजे हा माझ्या घरामागे येऊन गेला होता!

गाडीत बसल्या बसल्या मी सुरुवात केली. "कधी आला होता तो?"

"तुम्ही संस्थेच्या बैठकीला गेला होता तेव्हा."

"मी नसताना."

"तुम्ही असताना आले असते तर तुम्ही बोलला असता का त्यांच्याशी?"

"चहा दिलास?"

"दिला की."

"कुठला?"

"चहा तो चहा. कुठला म्हणजे?"

"वरच्या फळीवरचा, चांगल्या डब्यातला?"

"हो. चांगल्या डब्यातला."

मी गियर असा टाकला की गाडी ओरडली. तो डबा नवीन वर्षाला माझी बहीण येते तेव्हा उघडतो आम्ही. मी घरचा धनी, मला रोज भाजक्या काड्यांचा स्वस्तातला चहा.

पार खाली उतरून बागा दिसायला लागल्या, तेव्हा ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला वाटतं हो, आपल्या मागच्या शेवाळाला एकदा तरी टोपडी आलेली बघावीत."

ते ती माझ्याशी बोलली नव्हती. पण मी ऐकलं, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, फळ धरवणं हे कुणाचं काम? त्या मिशीवाल्याचं? त्यानं आयुष्यात एक तरी फळ धरवलंय का? तो नुसता बघतो आणि सांगतो. फळ धरवतो तो मी. माझा बाप हेच करायचा, आजा हेच करायचा. माझ्या बायकोला फळ बघायचं असेल तर ते तिला तिचा नवरा दाखवेल, सेंदाईचा पाहुणा नाही. मग बघू, रात्रीच्या जेवणात कुणाचं नाव निघतं ते.

मी दिवस निवडला तोही अनुभवी माणसासारखा. सलग कोरडं ऊन, वारा नाही, दुपारची वेळ. फुलोऱ्यात पाऊस आला तर पराग वाहून जातो, हे आमच्याकडे मुलं चालायच्या आधी शिकतात. त्या दिवशी मुत्सुको बसनं हिरोसाकीला बहिणीकडे गेली होती. मी देवळाच्या पायऱ्यांशी गेलो, गुडघे टेकले आणि नारिंगी वाट्यांचे शेंडे खुडून एका चहाच्या पेल्यात जमवायला लागलो.

"कसला नवस रे?" मागून शिनपेइचा आवाज आला. हा माणूस जमिनीतून उगवतो. "की तुलाही बाधा झाली?"

"माझं काही हरवलंय. शोधतोय."

"बायको हरवली असेल तर ती पायरीखाली नसते," तो म्हणाला आणि मी पेला फेकायच्या आत सटकला.

घरी येऊन मी शेंडे कागदावर चुरडले, भुकटी परत पेल्यात भरली, नवा कोरा गोंडा काढला आणि घरामागे गेलो. उन्हानं शेवाळ सुकून मिटलं होतं, प्रत्येक सुगी छत्रीसारखी गच्च आवळलेली. मला वाटलं, उत्तम! कोरडं ते चांगलं. एका कोपऱ्यापासून सुरुवात केली. गोंडा भुकटीत बुडवायचा, शेंड्याशेंड्याला हलकेच लावायचा, पुढे सरकायचं. काम बारीक होतं. पण खरं सांगू का, मला ते आवडायला लागलं. इतक्या जवळून मी ते कधी बघितलं नव्हतं. त्यातलं गवत कुणीतरी इतक्या निगुतीनं उपटलं होतं की मला एक काडी सापडली नाही. हे सगळं तिनं कधी केलं, मी तेव्हा कुठं होतो, असं मनात येत होतं. तेवढ्यात घराच्या कोपऱ्यावर माणसांची चाहूल लागली.

मुत्सुको होती. आणि तिच्यामागे इसोयामा, तिची पिशवी खांद्याला लावून. पिशवीतून कांद्याच्या हिरव्या पाती बाहेर डोकावत होत्या.

"बसथांब्यावर भेटले," मुत्सुको म्हणाली. "पिशवी जड होती म्हणून..." आणि मग तिनं मला नीट बघितलं. मी गुडघ्यांवर ओणवा होतो, हातात पिसांचा गोंडा, तोंडाजवळ चहाचा पेला. "अहो, काय करताय?"

"फळ धरवतोय," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

ती हसली असती तर मला चाललं असतं. ती हसली नाही. तिनं तोंडावर हात ठेवला आणि डोळे भरून आले तिचे. ते बघून मी विरघळणारच होतो, पण तेवढ्यात तो पुढे झाला.

"हिसाओ-सान, छान केलंत," त्याच्या त्या हळू आवाजात तो म्हणाला. "फक्त याला पाणी लागतं. पावसाचा थेंब वाटीत पडतो, शिंतोडा उडतो, त्यातून पोहत जायचं असतं. कोरड्यात नाही जमत. पुढच्या पावसात आपण दोघं मिळून..."

दोघं मिळून! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठून उभा राहिलो.

"फळ कसं धरवायचं ते मला शिकवू नका! तुम्हीच म्हणालात ना, माद्यांचा दोष नाही, नर जवळ नाही? मग हा बघा आणलाय नर! आता बाकीचं माझं मी बघेन. माझं घर, माझं शेवाळ, माझी बायको. तिला टोपडी दाखवायला मी समर्थ आहे. तुम्ही पिशवी ठेवा आणि निघा!"

तो रागावला नाही. त्याला माझी दया आली, ती त्याच्या तोंडावर दिसली, आणि त्या दयेच्या भरात तो बोलून गेला. "असं मनाला लावून घेऊ नका हो. दोष कुणाचाच नसतो. नराचाही नसतो. मी मुत्सुको-सानना तेच म्हणालो होतो, की नवऱ्याला सांगून टाका, तो काही मोडून पडणार नाही..."

"इसोयामा-सान," मुत्सुको म्हणाली. एवढंच.

तो थांबला. पांढरा पडला. त्यानं पिशवी अलगद ओट्यावर ठेवली, कमरेतून वाकून नमस्कार केला, बराच वेळ वाकलेलाच राहिला, आणि निघून गेला. त्याच्या पावलांचा आवाज रस्त्यापर्यंत येत राहिला.

मी गोंडा हातात धरून उभा. मुत्सुको ओट्यावर बसली, पिशवीतून पाती काढल्या आणि त्यांची वाळकी टोकं खुडायला लागली.

"मला काय सांगायचं होतं?" मी विचारलं.

"राहू द्या."

"त्या माणसाला माहीत आहे आणि मला नाही, असं काय आहे या घरात?"

तिनं आणखी एक पात सोलली. "मी हिरोसाकीच्या त्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते, आठवतं? लग्नाला बरीच वर्षं झाली होती. आईंनी पाठवलं होतं."

"आठवतं तर. मी शिडीवर होतो. फळं विरळ करत होतो."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्यात काही कमी नाही. सगळं ठीक आहे. पुढच्या वेळी येताना नवऱ्याला घेऊन या, त्यांना तपासू."

शेजारच्या बागेत शिनपेइच्या फवारणीचं यंत्र सुरू झालं आणि बंद पडलं. मी ओट्याच्या कडेला बसलो.

"तू बोलली नाहीस," मी म्हणालो.

"बोलायलाच आले होते. बसमधून उतरले ती थेट बागेत आले. शिडीखाली उभी राहिले. आई होत्या, कामाच्या बाया होत्या. मी म्हटलं, अहो, डॉक्टरीणबाई म्हणाल्या... आणि तुम्ही वरून ओरडलात. 'काय म्हणायचं ते म्हणू दे तिला! मी तुला टाकणार नाही, कळलं?'"

ओरडलो होतो खरा. शब्दन् शब्द आठवत होता. कामाच्या बायांनी डोक्याच्या फडक्याला डोळे पुसले होते, आई गप्प झाली होती, आणि त्याच वाक्यावर मी सगळं आयुष्य छाती काढून गावातून फिरलो होतो.

"तरी सांगायचं ना मग! नंतर सांगायचं!"

"कसं सांगणार? इतके उंच होता तुम्ही. इतके खूश. सगळ्यांदेखत. तिथून तुम्हाला खाली कसं उतरवायचं हो मी?"

"आणि आई बोलत राहिली तुला. मरेपर्यंत."

"या कानानं ऐकायचं, त्या कानानं सोडायचं. त्यांना तुमच्याबद्दल कळलं असतं तर त्या जगल्या नसत्या."

ती इतक्या सहज बोलत होती, जणू पातींचा भाव सांगत होती. मला रडू येईल असं वाटलं, आणि ते येऊ नये म्हणून मी जे हाताशी होतं तेच उगारलं.

"मला नाही सांगितलंस. जन्माच्या जोडीदाराला नाही. आणि त्या परक्याला सांगितलंस!"

"ते जंगलात नर-माद्यांचं सांगत होते पहिल्या वेळी. 'यांचा काही दोष नाही' म्हणाले, आणि मला हुंदकाच फुटला. सगळ्या पुढे गेल्या होत्या. मग सांगावं लागलं. त्यांना सांगून कुणाचं काही बिघडत नव्हतं."

"मग काय म्हणाला तो?"

"काही नाही."

"मुत्सुको. काय म्हणाला?"

तिनं खाली बघितलं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या तिच्या. लग्नात झाल्या होत्या, त्यानंतर मी आत्ता बघत होतो.

"म्हणाले, तुमचा तुमच्या नवऱ्यावर फार जीव आहे."

मला राग यायला हवा होता तो नशिबाचा, आईच्या जिभेचा, शिडीवरच्या त्या मूर्खाचा. तो नंतर आला, पुष्कळ आला. पण त्या दुपारी ओट्यावर माझ्या पोटात जे पेटलं ते त्या काटकुळ्या म्हाताऱ्याच्याच नावानं. मी या बाईबरोबर एका छपराखाली आयुष्य काढलं, तिच्या हातचं खाल्लं, तिच्या शेजारी निजलो. आणि तिचा माझ्यावरचा जीव त्याला माझ्याआधी कळला होता.